मुलाच्या छातीत मधूनच टोचतं, ईसीजी नॉर्मल आहे, तरी माझी झोप उडालीय

पत्र: "डॉक्टर, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. गेले दोन-अडीच महिने अधूनमधून अभ्यास करताना नाहीतर मोबाईल बघत बसलेला असताना अचानक छातीच्या डाव्या बाजूला हात लावून गप्प होतो. म्हणतो सुई टोचल्यासारखं होतं आणि श्वास आत घेतला की जास्त टोचतं. मिनिटभरात थांबतं आणि लगेच उठून खेळायलाही जातो. त्याच्या आजोबांना याच वर्षी ६८ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, त्यामुळे मी फार घाबरले. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, म्हणाले काही नाही, काळजी करू नका. पण रिपोर्टवर 'सायनस अरिदमिया' असं छापलंय आणि ते सर्च केल्यापासून मला झोप नाही. मी त्याचं फुटबॉल बंद केलंय, पल्स दाखवणारं घड्याळ घेऊन दिलंय, रात्री उठून बघते. आता तो दुखलं तरी सांगत नाही, मी विचारलं की चिडतो. मोठ्या हार्ट स्पेशालिस्टकडे नेऊन एको, सीटी सगळं करून घेऊ का? - एक आई"

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही फार छान वर्णन लिहिलंय हे आधी सांगते, कारण मुलांच्या छातीत दुखण्यात अर्ध्याहून जास्त निदान या वर्णनातच असतं, मशीनमध्ये नाही. बसलेला असताना, अचानक, डावीकडे, सुई टोचल्यासारखं, श्वास घेतला की वाढतं, मिनिटभरात जातं आणि नंतर मुलगा उठून खेळायला जातो. हे वाचून कुठलाही बालरोगतज्ज्ञ मनातल्या मनात एकच नाव घेईल. त्याला प्रीकॉर्डियल कॅच म्हणतात. १९५५ साली मिलर आणि टेक्सिडोर या दोन डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं म्हणून काही जण टेक्सिडोर ट्विंज असंही म्हणतात. नाव भारी वाटतं पण प्रकार अगदी साधा आणि निरुपद्रवी आहे.

आता हे नक्की काय असतं ते सांगते, कारण "काही नाही" एवढ्यावर कुठल्याच आईचं समाधान होत नाही आणि होऊ पण नये. मुलाला काहीतरी होतंय हे तर दिसतंय ना. तर प्रीकॉर्डियल कॅच साधारण ६ वर्षांपासून ते टीनएजपर्यंतच्या मुलांना होतं, बहुतेक वेळा शांत बसलेलं असताना, त्यातही पाठीला बाक काढून पुढे वाकून बसलेलं असताना. दुखणं एकदम सुरू होतं, तीक्ष्ण असतं, आणि मुलाला "कुठे?" म्हणून विचारलं तर ते एका बोटाच्या टोकाने जागा दाखवतं, बहुतेकदा डाव्या स्तनाग्राच्या खाली किंवा जवळपास. काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं चालतं, क्वचित जास्त. तेवढ्या वेळात मूल दीर्घ श्वास घ्यायला घाबरतं, उथळ उथळ श्वास घेतं, हलत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की याला श्वासच घेता येत नाहीये. मग जसं आलं तसं एकदम निघून जातं. घाम नाही, चक्कर नाही, धडधड नाही, चेहरा पांढराफटक नाही. नेमकं कशाने होतं हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, बरगड्यांमधल्या नसा किंवा छातीच्या आतल्या बाजूचं अस्तर चिमटल्यासारखं होत असावं असं मानतात, पण त्याचा हृदयाशी संबंध नाही हे मात्र नक्की. काही मुलांना दिवसातून दोनदा होतं, काहींना महिन्यातून एकदा, आणि मोठं झाल्यावर बहुतेकांचं आपोआप बंद होतं.

औषध नाही याला. लागतच नाही, गोळी पोटात जाऊन विरघळेपर्यंत दुखणं संपलेलं असतं. पाठ सरळ करून बसायचं, हळूहळू श्वास घ्यायचा. काही मुलं सांगतात की हिंमत करून एक मोठा श्वास घेतला तर क्षणभर कचकन दुखतं आणि लगेच मोकळं होतं, त्याने काही बिघडत नाही, त्याला जमत असेल तर करू दे.

आता आजोबांचं. मला वाटतं तुमच्या पत्रातली खरी भीती तिथून आलीय, आणि हे मी दोष म्हणून नाही सांगत, घरात एवढं मोठं आजारपण झाल्यावर प्रत्येक जण छातीला हात लावून बघतोच. पण आजोबांना जे झालं तो वेगळाच आजार आहे. मोठ्या माणसांच्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो आणि एक दिवस त्यावर गुठळी होऊन रस्ता बंद होतो, याला कित्येक दशकं लागतात. १३ वर्षांच्या मुलाच्या रक्तवाहिन्या अशा तुंबलेल्या नसतात. त्यामुळे ६८ व्या वर्षी आलेला अटॅक हा नातवाच्या छातीत दुखण्याचा पुरावा होत नाही (हां, घरातल्या मधल्या पिढीने आपलं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्यावं, ते वेगळं).

डॉक्टर जेव्हा "घरात कुणाला हार्टचा त्रास आहे का" विचारतात तेव्हा त्यांना दुसरंच काहीतरी हवं असतं. कुणी चाळिशी-पन्नाशीच्या आत अचानक, काही कारण न कळता गेलं का? कुणी तरुण माणूस खेळताना कोसळून किंवा चांगलं पोहता येत असून बुडून गेलं का? हृदयाचा स्नायू जाड असण्याचा आजार, ठोक्यांचे आनुवंशिक आजार, मार्फन सिंड्रोम (शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक आजार) असं काही कुणाला सांगितलंय का, कुणाला तरुणपणीच पेसमेकर किंवा शॉक देणारं मशीन बसवलंय का? असं काही दोन्हीकडच्या घराण्यात, म्हणजे तुमच्या माहेरी सुद्धा, असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुष्कळदा या गोष्टी लहान मुलांसमोर कुणी बोलत नाही आणि मोठ्यांना वाटतं त्याचा इथे काय संबंध. संबंध तिथेच असतो.

सायनस अरिदमिया. हा शब्द बघून घाबरलेल्या आया मला दर थोड्या दिवसांनी भेटतात. त्याचा अर्थ एवढाच की श्वास आत घेतला की ठोके किंचित जलद होतात आणि सोडला की किंचित मंद होतात. निरोगी मुलांमध्ये हे अगदी ठळक दिसतं आणि ते नॉर्मल आहे. खात्री करायची असेल तर तो निवांत बसलेला असताना मनगटावर नाडी धरा आणि त्याला सावकाश मोठे श्वास घ्यायला सांगा, बोटाखाली ते कमी-जास्त होणं कळतं. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात जे छापून येतं ते मशीन आपोआप छापतं आणि लहान मुलांचा ईसीजी मोठ्यांपेक्षा वेगळा दिसतो, मोठ्या माणसात ज्या लहरी उलट्या दिसल्या तर डॉक्टर सावध होतील त्या छातीच्या पुढच्या काही लीड्समध्ये (छातीवर चिकटवलेल्या तारांच्या नोंदींत) मुलांत उलट्याच असतात. म्हणून कागद वाचायचा तो लहान मुलांचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांनी. तुमच्या डॉक्टरांनी तो बघून नॉर्मल म्हटलंय, विषय संपला.

त्यावरून ते घड्याळ. काढून ठेवा प्लीज. वर्गात सगळ्यांसमोर उत्तर द्यायला उभं राहिलं तरी मुलांचे ठोके वाढतात, जिना चढला तरी वाढतात, आणि ते घड्याळ सैल-घट्ट बसलं असेल तर भलतेच आकडे दाखवतं. तुम्ही दोघं दिवसभर तो आकडा बघत बसणार आणि त्यातून निष्पन्न काहीच होणार नाही.

एको, सीटीबद्दल माझं स्पष्ट मत. एकोने मुलाला काही इजा होत नाही, ती ध्वनिलहरींची तपासणी आहे. सीटीमध्ये मात्र रेडिएशन असतं आणि या कारणासाठी सीटी करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पण इजा होत नाही म्हणून एको करूनच टाकू, हेही मला पटत नाही. मुलांच्या छातीत दुखण्यात हृदयाचं कारण निघण्याचं प्रमाण फार कमी असतं, वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरात एक ते पाचच्या आसपास, आणि ज्यांच्यात निघतं त्यांच्या बोलण्यात, तपासणीत किंवा ईसीजीत बहुतेक वेळा काहीतरी खटकणारं असतंच. तुमच्या मुलाच्या हकीकतीत मला ते दिसत नाही. शिवाय एकदा मोठ्या मशीनखाली झोपवलं की मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होते, की माझ्या हार्टला काहीतरी आहे म्हणूनच आणलंय. रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती शंका काही पुसली जात नाही. हां, मी खाली जे सांगतेय त्यातलं एक जरी त्याच्यात असेल तर मग मागेपुढे न बघता लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, तेव्हा एको हवाच.

तर खटकणारं म्हणजे काय. पळताना किंवा खेळताना ऐन भरात दुखणं, खेळून घरी आल्यावर सोफ्यावर बसल्यावर नाही, पळताना. दुखताना किंवा खेळताना चक्कर येणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. बसल्या जागी अचानक छाती फडफडायला लागून ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद होणं. एका बोटाने दाखवता येत नाही असं दडपण, छाती आवळल्यासारखं, जे हातात किंवा जबड्यात जातं. ताप किंवा व्हायरल होऊन गेल्यावर काही दिवसांनी छाती दुखणं आणि सोबत दम लागणं, खूप थकवा. आडवं झाल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटणारं दुखणं. झोपेतून उठवणारं दुखणं. लहानपणी कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) झालेला असणं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेलं असणं. छातीवर जोरात बॉल किंवा मार लागून नंतर त्रास. आणि उंच सडपातळ मुलांना एका बाजूला अचानक जोरात दुखून दम लागला आणि ते थांबतच नसेल, तर फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते, तेव्हा थेट इमर्जन्सीत. मूल खेळताना कोसळलं आणि प्रतिसाद देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर अॅम्ब्युलन्स बोलवून लगेच छाती दाबायला, म्हणजे सीपीआरला सुरुवात करायची, पाणी मारत, कांदा हुंगवत वेळ घालवायचा नाही.

पळताना दुखणं म्हणजे लगेच हार्ट असंही नाही बरं का. पळून पाच-दहा मिनिटं झाली की छाती आवळते, खोकला येतो, शीळ वाजल्यासारखा श्वास, हा बऱ्याचदा दमा निघतो आणि इन्हेलरने मूल मजेत खेळतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, घरी नाही.

हे सदर इतरही आईबाबा वाचतात म्हणून निरुपद्रवी दुखण्याची बाकी मंडळीही सांगून टाकते. छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जिथे जोडल्या जातात तिथे कूर्चा असते, कानाच्या वरच्या भागाला हात लावला की लागते तशी लवचिक. ती सुजली किंवा दुखावली की त्या सांध्यांवर बोट दाबल्यावर मूल "हो, हेच, इथेच" म्हणतं. हे मिनिटभराचं नसतं, काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही रेंगाळतं, खोकून खोकून किंवा नवीन व्यायाम सुरू केल्यावर येतं, हसलं-शिंकलं की कळ मारते. शेक, थोडी विश्रांती, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, आयबुप्रोफेन काहीतरी खाल्ल्यावरच. अॅस्पिरिन मात्र मुलांना मनाने कधीच देऊ नका, व्हायरल तापात त्याने रेज सिंड्रोम नावाचा गंभीर त्रास होऊ शकतो. काहींची खालची, आठवी ते दहावी बरगडी जरा सैल असते, वाकलं की कट्‌ आवाज होऊन दुखतं. नुसते स्नायू दुखणं तर सगळ्यात कॉमन, मित्रांशी पैज लावून पुशअप्स मारल्या आणि दुसऱ्या दिवशी छाती धरून बसला, आई घाबरलेली आणि पठ्ठ्या पैजेबद्दल एक शब्द बोलत नाही!

मुलगे आणखी एक गोष्ट बोलत नाहीत. वयात येताना मुलग्यांच्याही स्तनाग्राखाली बटणाएवढी गाठ येते, हात लागला की दुखते, बऱ्याच जणांना येते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत जिरते. पण ते लाजेने मरतील, छाती दुखते एवढंच सांगतील. मुलींमध्ये तर स्तनांची वाढ सुरू होताना एका बाजूला आधी दुखणं अगदी नेहमीचं आहे.

अॅसिडिटीची जळजळ मधोमध, जेवल्यावर, आडवं पडल्यावर. आणि एक खास, मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी चालू असलेली टीनएजर मुलं ती घोटभर पाण्याबरोबर गिळून तशीच झोपतात, गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथे जखम होते आणि गिळताना छातीत भयंकर दुखतं. पूर्ण ग्लासभर पाणी आणि नंतर किमान अर्धा तास उठून बसणं, एवढंच पाळायचं असतं. एनर्जी ड्रिंक आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, या दोन गोष्टी मी टीनएजर्सना आईबाबांना बाहेर बसवून विचारते, कारण आत बसलेले असताना उत्तर नेहमी "नाही"च असतं.

राहिलं टेन्शन. टेन्शनचं दुखणं खोटं नसतं, मूल नाटक करत नसतं. घाबरलं की श्वास भराभर चालतो, त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते, आणि ते बघून मूल आणखी घाबरतं. अशा वेळी शेजारी शांत बसून त्याच्यासोबत सावकाश श्वास सोडायचा, घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्यायचा. तोंडाला कागदी पिशवी लावायची जुनी पद्धत विसरा, दमा असेल तर उलट धोका.

हे तुमच्या मुलाला आत्ता होत नाहीये, पण त्या दिशेने जाऊ शकतं असं मला पत्र वाचून वाटलं. मुलगा १३ वर्षांचा आहे, आजोबांचं सगळं त्याने डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या छातीत टोचलं. आईचा चेहरा उतरला, फुटबॉल बंद झालं, मनगटावर मशीन आलं, रात्री कुणीतरी उशाशी उभं राहून श्वास बघतंय (झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो हो, कळतं त्यांना). त्याने याचा काय अर्थ लावला असेल? दोनच शक्यता, एकतर मला आजोबांसारखं काहीतरी झालंय आणि हे सांगत नाहीयेत, नाहीतर मी सांगितलं की आई घाबरते आणि माझा खेळ जातो, त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. तो चिडतो ते याच्यामुळे असावं. मला त्या टोचण्यापेक्षा हे लपवणं जास्त काळजीचं वाटतं, कारण उद्या खरंच खेळताना चक्कर आली तर ती सुद्धा तो लपवेल. त्याने सांगत राहणं हीच तुमची सगळ्यात चांगली तपासणी आहे, ताई, आणि सध्या तीच बंद पडलीय.

म्हणून फुटबॉल सुरू करा. डॉक्टरांना एक फोन करून थेट विचारा, "खेळायला पूर्ण मोकळीक आहे ना?" आणि हो म्हणाले की याच आठवड्यापासून पाठवा, "जपून खेळ, दमू नको" अशा सूचना न लावता. मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहू नका.

त्याच्याशी बोलायचं ते दुखत नसताना, कुठेतरी जाता जाता, समोरासमोर बसवून नाही. त्याला नाव सांगा, प्रीकॉर्डियल कॅच, मुलांना नाव असलेली गोष्ट आवडते, स्वतः वाचेल सुद्धा. आजोबांचा आजार वेगळा कसा ते वर लिहिलंय तसं सांगा, त्याने विचारलं नसलं तरी. आणि तुम्ही घाबरला होतात हे सांगितलंत तरी चालेल, त्याला माहितीच आहे. मग त्याच्याशी एक करार करा, टोचलं आणि गेलं तर सांगायची गरज नाही, पण पळताना दुखलं, गरगरलं किंवा धडधडलं तर लगेच थांबायचं आणि जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि सांगितलं म्हणून खेळ कायमचा बंद होणार नाही हे तुम्ही कबूल करायचं. त्याला हवं असेल तर मोबाईलवर स्वतः दोन शब्द लिहून ठेवू दे, काय करत होतो, किती वेळ दुखलं. तुम्ही रोज "आज दुखलं का?" विचारायचं नाही. विचारलं की मूल छातीकडे लक्ष देतं, आणि लक्ष दिलं की काहीतरी सापडतंच.

पुन्हा कधी तुमच्यासमोर टोचलं तर धावत जाऊन छाती चोळू नका. "कॅच आला का? सरळ बस, जाईल," एवढंच म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा, आतून पोटात गोळा आला तरी. पहिल्या दोन-तीन वेळा जड जाईल.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, समजा दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणीला, तेव्हा त्याला आधी बोलू द्या. कुठे दुखतं ते त्याने त्याच्या बोटाने दाखवायचं, किती वेळ ते त्याने सांगायचं, मधे दुरुस्त करू नका. आजोबांचं, माहेरच्या-सासरच्या कुणाचं काही अचानक झालेलं असेल ते, तुमचे प्रश्न, सगळं एका कागदावर लिहून न्या आणि त्याचं बोलून झाल्यावर विचारा.